जुन्या फोर-व्हील गाडीवर ऑनलाइन बोली लावण्यापूर्वी

टोयोटा लँड क्रूझर एफजे४० सध्या कितीला जाते, हा प्रश्न ऐकायला साधा आहे. पण त्याचे एका आकड्यात उत्तर देणारा माणूस एक तर विक्रेता असतो, नाही तर नवशिका. एकाच वर्षी बनलेल्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या महिन्याभराच्या अंतराने लिलावात येतात आणि एकीला दुसरीच्या दुप्पट-तिप्पट पैसे मिळतात, हे या बाजारात नेहमी दिसते. दर चढले हे खरे, पण ते सरसकट चढलेले नाहीत. न कापलेला पत्रा, न सडलेली चासी, मूळ इंजिन आणि सलग कागदपत्रे या चार गोष्टींचे दर चढले. उरलेल्या गाड्या त्या दरवाढीच्या सावलीत उभ्या राहून तेवढेच पैसे मागत आहेत. कोणती गाडी त्या दराच्या लायकीची आणि कोणती नुसती सावलीत उभी, हे पडद्यावरून कसे ओळखावे आणि त्यावरून स्वतःच्या बोलीची मर्यादा कशी ठरवावी, ते येथे सांगायचे आहे. पाण्यात म्हैस आणि वर मोल अशी आपल्याकडे म्हण आहे. ऑनलाइन लिलावात म्हैस कायमच पाण्यात असते, म्हणून पाण्यात डोकावण्याची रीत शिकून घ्यावी लागते.

चढ कशामुळे आली

कारणे माहीत असण्याचा उपयोग एवढाच की कोणती वाढ टिकाऊ आणि कोणती लाटेची, याचा अंदाज बांधता येतो. या गाड्या कामासाठी जन्मल्या होत्या. विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या दोन जवळजवळ सारख्या जीप १९४१ ते १९४५ या युद्धकाळात मिळून सहा लाखांहून अधिक बनल्या. लँड रोव्हर ३० एप्रिल १९४८ रोजी अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली, ती शेतकऱ्याची गाडी म्हणून. स्काउट ही गाडी बनवणारी इंटरनॅशनल हार्वेस्टर ही तर मुळात ट्रॅक्टर आणि शेती-अवजारांचीच कंपनी. अशी गाडी कोणी झाकून ठेवत नाही. ती चिखलात, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठात, खाणीत आणि रानात वापरली जाते, मोडली की जोडली जाते आणि शेवटी कुंपणाच्या कडेला गंजत पडते. फोर्डने पहिली ब्रॉन्को १९६६ ते १९७७ या वर्षांत सव्वादोन लाखांच्या आसपास बनवली. हा आकडा लहान नाही, पण त्यातल्या कारखान्यातून आल्या तशा राहिलेल्या गाड्या मोजक्याच आहेत. टंचाई गाडीची नाही, न बिघडवलेल्या गाडीची आहे. ही टंचाई दर वर्षी वाढतच जाणार असल्यामुळे या कारणाने आलेली चढ सहसा उतरत नाही.

दुसरे कारण नव्या गाड्यांनी पुरवले. लँड रोव्हरच्या जुन्या घडणीच्या डिफेंडर या गाडीचे उत्पादन २९ जानेवारी २०१६ रोजी इंग्लंडमधल्या सॉलिहल येथे थांबले आणि "आता मिळणार नाही" या एका वाक्याने जुन्या गाड्यांना गिऱ्हाईक वाढले. फोर्डने २०२० च्या जुलैमध्ये नवी ब्रॉन्को दाखवली, तेव्हा जुनीचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले. अशा घटनेने आलेली उसळी काही महिन्यांत बसते, पण दर पूर्वीच्या तळाला मात्र परत जात नाही.

तिसरे कारण खुद्द ऑनलाइन लिलाव. पूर्वी अशी गाडी विकत घ्यायची तर लिलावाच्या मंडपात हजर राहावे लागे किंवा ओळखीतून पत्ता काढावा लागे. ब्रिंग अ ट्रेलर हे संकेतस्थळ २००७ मध्ये चांगल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती वेचून दाखवण्यासाठी सुरू झाले, २०१४ मध्ये स्वतः लिलाव घेऊ लागले आणि २०२० मध्ये हर्स्ट या मोठ्या माध्यमसमूहाने ते विकत घेतले. एका गाडीची दोनशे छायाचित्रे, इंजिन सुरू होतानाची चित्रफीत आणि खाली जाणकारांची उलटतपासणी, असा सगळा ऐवज घरबसल्या मिळू लागल्यावर दूरचे लोकही बोलीत उतरले. दोन माणसांनी हट्टाला पेटून बोली लावली की दर चढतो. माणसे जितकी जास्त, तितके असे दोघे एकाच दिवशी एकाच गाडीवर भेटण्याचा संभव जास्त.

चौथे कारण आयातीच्या वयोमर्यादेचे आहे आणि ते बरेच जण विसरतात. अमेरिकेत २५ वर्षे पूर्ण झालेली गाडी तिथल्या सुरक्षा-मानकांतून सुटते, तर कॅनडात हीच मर्यादा १५ वर्षांची आहे. त्यामुळे तिथे कधीच न विकले गेलेले एखादे मॉडेल ती उंबरठ्याची तारीख ओलांडते, तेव्हा त्याला एकदम एक नवा देश गिऱ्हाईक म्हणून मिळतो. याची काळी बाजूही आहे. २०१४ मध्ये अमेरिकी सरकारने वय आणि ओळख यांविषयीच्या संशयावरून ४० डिफेंडर एकाच मोहिमेत ताब्यात घेतल्या. वर्षाचा आकडा पैशांत मोजला जाऊ लागला की तो बदलणारे हातही तयार होतात.

या सर्वांवर २०२० ते २०२२ या काळातल्या स्वस्त कर्जाची आणि कोविडमुळे घरात अडकलेल्या लोकांच्या पैशांची लाट आली. व्याजदर वाढल्यावर ती ओसरली. उत्तम गाड्यांनी दर बऱ्यापैकी धरून ठेवला आणि मध्यम प्रतीच्या गाड्या घसरल्या. म्हणून त्या दोन वर्षांतल्या विक्रीचे आकडे आज कोणी पुरावा म्हणून पुढे केले, तर ते बाजूला ठेवावेत.

आधी वही, मग बोली

गाडी आवडण्यापूर्वी तक्ता करावा, आवडल्यानंतर नव्हे. ज्या मॉडेलवर मन आहे त्याच्या गेल्या वर्ष-दीड वर्षातल्या निदान बारा ते पंधरा पूर्ण झालेल्या लिलावांची नोंद करावी. त्यात वर्ष, इंजिन, चासीची अवस्था, पत्रा मूळ की बदललेला, कोणते बदल केले आहेत, राखीव किंमत (जिच्याखाली विक्रेता गाडी द्यायला बांधील नसतो, ती) होती की नाही आणि हातोडा कितीवर पडला, एवढे रकाने पुरतात. जाहिरातीत मागितलेली किंमत या तक्त्यात घेऊ नये, कारण मागण्याला कोणी कर लावत नाही. राखीव किमतीपर्यंत बोली न पोहोचलेल्या लिलावाचा आकडा मात्र अवश्य घ्यावा, पण वेगळ्या रकान्यात: त्या दिवशी बाजार तेवढेच द्यायला तयार होता आणि विक्रेता तेवढ्याला द्यायला तयार नव्हता, या दोन्ही गोष्टी तो आकडा सांगतो. एकच गाडी सहा महिन्यांत दोनदा आली आणि दोन्ही वेळा विकली गेली नाही, तर तिसऱ्या वेळी तिच्या विक्रेत्याशी बोलणे सोपे जाते.

काही विक्री तक्त्यातून काढूनच टाकाव्यात. धर्मादाय लिलाव हा पहिला प्रकार. या घराण्यातल्या वीस लाखाव्या गाडीची खूण म्हणून बनवलेली खास डिफेंडर डिसेंबर २०१५ मध्ये बॉनहॅम्स या लिलाव कंपनीच्या लिलावात ४,००,००० पौंडांना गेली; तो पैसा सत्कार्यासाठी होता आणि गाडीही एकमेव होती, तेव्हा त्या आकड्यावरून दुसऱ्या कोणत्याही डिफेंडरचा दर ठरत नाही. दुसरा प्रकार रेस्टोमॉडचा, म्हणजे बाहेरून जुनी आणि आतून नवे इंजिन, नवे ब्रेक, वातानुकूलन अशी पूर्ण नव्याने बांधलेली गाडी. तिचा दर कारागिराच्या नावाचा आणि तासांचा असतो. ती वेगळी वस्तू आहे, आणि एखादा विक्रेता आपल्या साध्या गाडीच्या वर्णनात तिचा दर दाखला म्हणून देत असेल, तर त्याच्या बाकीच्या विधानांकडेही बारकाईने पाहावे.

उरलेल्या आकड्यांची सरासरी न काढता ते चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घ्यावा, कारण एका विक्रमी विक्रीने सरासरी वर ओढली जाते, मधला आकडा सहसा जागचा हलत नाही. त्यानंतर प्रतवारी. हॅगर्टी या विमा कंपनीच्या दरपत्रकात गाड्यांच्या चार प्रती मानल्या आहेत: पहिली प्रदर्शनात पारितोषिक मिळवणारी, दुसरी उत्कृष्ट, तिसरी चांगली आणि चौथी रोजच्या वापरातली, उणिवा डोळ्याला दिसणारी. बहुतेक विक्रेते तिसऱ्या प्रतीची गाडी दुसऱ्या प्रतीची म्हणून लिहितात, आणि ते नेहमीच लबाडीने असते असे नाही. दहा वर्षे सांभाळलेल्या वस्तूचे दोष मालकाला दिसेनासे होतात. तक्ता करताना आपण मात्र छायाचित्रे पाहून स्वतः प्रत ठरवावी. पंधरा गाड्यांची प्रत ठरवून झाली की नजर आपोआप तयार होते, आणि माझ्या मते तक्त्याचा खरा लाभ आकड्यांपेक्षा हाच आहे.

प्रत्येक गाडीची दुखरी जागा वेगळी

पहिल्या पिढीच्या ब्रॉन्कोत सगळा जीव मागच्या चाकावरच्या पत्र्यात आहे. कारखान्यातून आलेली मागची कमान लहान होती. मोठे टायर बसवण्यासाठी हजारो मालकांनी ती करवतीने मोठी केली आणि कापलेली कड झाकायला वर रबरी किंवा फायबरची झालर लावली. पुढचे मडगार्ड बोल्टवर बसते, ते बदलणे सोपे. मागचा पत्रा वेल्डिंगचा आहे, तो पूर्ववत करणे खर्चिक. त्यामुळे न कापलेली गाडी वेगळ्याच दराला जाते. छायाचित्रात मागच्या कमानीच्या वरची आडवी घडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते का, ते पाहावे. नवा पत्रा लावून "न कापलेली" केलेली गाडीही असते आणि तीही चांगली असू शकते. पण तिला मूळ पत्र्याचा दर देऊ नये. तिच्या ओळखक्रमांकातही बरीच माहिती आहे. सुरुवातीला यू१३ असेल तर ती उघडी रोडस्टर, यू१४ म्हणजे अर्ध्या टपाची आणि यू१५ म्हणजे पूर्ण टपाची वॅगन. त्यापुढचे अक्षर इंजिनाचे, त्यात एफ म्हणजे १७० घनइंचांचे सहा सिलिंडरचे, एन म्हणजे २८९ चे व्ही८ आणि जी म्हणजे ३०२ चे व्ही८. क्रमांकात एफ असून बॉनेटखाली व्ही८ दिसत असेल, तर इंजिन नंतर बसवले आहे. ते वाईटच असे नाही, पण वर्णनात "मूळ व्ही८" लिहिले असेल, तर तिथेच थांबावे.

एफजे४० चे उत्पादन १९६० ते १९८४ असे दीर्घकाळ चालले, आणि त्यामुळे एकाच चेहऱ्यामागे बऱ्याच वेगळ्या गाड्या आहेत. जुन्यांत ३.९ लिटरचे एफ इंजिन, नंतरच्यांत ४.२ लिटरचे २एफ. चार गिअरचा खोका आणि पुढचे डिस्क ब्रेक १९७० च्या दशकाच्या मध्यावर आले. चालवण्यासाठी घ्यायची तर या बदलानंतरची गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या ड्रम ब्रेकवर उतार उतरताना गाडीच्या देखणेपणाचा फारसा उपयोग होत नाही. चासीवरचा क्रमांक उजव्या बाजूच्या लांब तुळईवर, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या आसपास कोरलेला असतो. तो तारेच्या ब्रशने स्वच्छ करून, उजेड तिरपा पाडून घेतलेले छायाचित्र मागावे, कारण समोरून प्रकाश टाकला तर उथळ अक्षरे वाचता येत नाहीत.

लँड रोव्हरची फसगत उलट बाजूने होते. युद्धानंतर पोलादाची टंचाई असल्यामुळे तिचे बाह्यांग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले, आणि ते लाल गंजत नाही. पण चासी आणि बल्कहेड, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली उभी भिंत, पोलादाचीच आहे. परिणामी बाहेरून ठणठणीत दिसणारी गाडी खालून चाळणी झालेली असू शकते. लोहचुंबक लावून पत्र्यावर भरलेली पुटी (भराव) शोधण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण चुंबक त्या पत्र्याला मुळातच चिकटत नाही. शिवाय जिथे अॅल्युमिनियम पोलादाला टेकते तिथे ओल धरली की अॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडते. दाराच्या खालच्या कडा आणि पावलाजवळच्या जागा यांची जवळून छायाचित्रे मागावीत. जस्ताचा मुलामा दिलेली नवी चासी बसवलेली असेल तर ती मूळ नाही, म्हणून नाक मुरडू नये. वापरणाऱ्यासाठी ती गाडीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. फक्त बदलाची पावती आणि जुन्या क्रमांकाची कागदोपत्री नोंद हवी.

युद्धकाळच्या जीपमध्ये विलिस आणि फोर्ड यांची सरमिसळ इतकी झाली आहे की, निखळ एका जातीची गाडी हीच दुर्मीळ ठरते. पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे चासीच्या दोन लांब तुळया जोडणारा आडवा दांडा, गोल नळीचा असेल तर चासी विलिसची, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्डची. फोर्डने आपल्या बहुतेक सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, एफ हे अक्षर उठवले होते. विक्रेत्याने जीपीडब्ल्यू म्हणून दाखवलेल्या गाडीच्या एकाही बोल्टवर ते सापडत नसेल, तर भाव त्या मानाने धरावा. स्काउट २ (१९७१ ते १९८०) विषयी थोडक्यात: यंत्र ट्रॅक्टरइतके दणकट, पत्रा कागदाइतका हळवा. तिच्यात पैसे पत्र्यासाठी मोजावेत, इंजिनासाठी नव्हे. जीप ग्रँड वॅगोनिअरच्या बगलेवरचे लाकूड लाकूड नसून व्हायनिलचा पापुद्रा आहे, हे कळल्यावर हिरमुसणारे लोक मी पाहिले आहेत.

छायाचित्रे वाचायची कशी

लिलावाच्या पानावरच्या दोनशे छायाचित्रांपैकी दीडशे नुसती रंगाची असतात. ती एकदा पाहून सोडून द्यावीत आणि खालच्या बाजूची वीस-पंचवीस मोठी करून पाहावीत. एका गाडीच्या बाबतीत मी हे केले नाही. चासी सगळीकडे एकसारखी काळीभोर, ओलसर चकाकीची दिसत होती आणि मला ती निगा वाटली. गाडी आल्यावर पेचकस टेकवला तर तो आत गेला. नंतर तीच छायाचित्रे पुन्हा उघडून पाहिली, तेव्हा खूण समोरच होती: चासीच्या तुळईला तळाशी पाणी निघून जाण्यासाठी जी भोके असतात, ती कुठेच दिसत नव्हती. काळ्या जाड लेपाने ती बुजली होती, आणि आत साचलेले पाणी पत्रा आतून खात बसले होते. तेव्हापासून मी रंगाच्या आधी भोके मोजतो. भोकाची कड धारदार आणि गोल दिसली तर पत्र्याला जाडी आहे. कड फुगलेली, पापुद्रे सुटलेली किंवा भोकच नाहीसे झालेले असेल, तर चासी तपासल्याशिवाय बोली नाही. एरवी अंगावर धूळ आणि हलका तांबूस गंज असलेली, न रंगवलेली चासी ही ताज्या काळ्या चासीपेक्षा बरी, कारण तिच्यात काही लपलेले नाही.

विक्रेत्याकडे मागायची चित्रफीतही नेमकी असावी. "इंजिन सुरू करून दाखवा" म्हटले की गरम इंजिन सुरू करून दाखवले जाते. म्हणून बॉनेट उघडे असताना आधी इंजिनावर उघडा हात ठेवून दाखवायला सांगावे आणि त्याच चित्रफितीत, मध्ये न थांबता, किल्ली फिरवायला सांगावे. थंड इंजिन सुरू होताच निळा धूर आला आणि लवकर गेला तर व्हॉल्व्हची सीले थकलेली असण्याचा संभव आहे. गोड वासाचा पांढरा धूर येतच राहिला तर शीतकाचे पाणी आत जात आहे, पण वास पडद्यावर येत नाही, म्हणून रेडिएटरचे झाकण आणि तेलाचे झाकण आतून दाखवायला सांगावे. झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा थर असेल तर पाणी आणि तेल कुठे तरी भेटले आहेत. दुसरी चित्रफीत चालवतानाची हवी: लो रेंज (चिखल-चढणीसाठीचा हळू पण जोरकस गिअर) टाकून, पुढची चाके जोडून, सरळ आणि वळणावर. फोर-व्हील हेच या गाडीचे मर्म, आणि आश्चर्य म्हणजे बहुतेक वर्णनांत तोच भाग चालतो की नाही, याविषयी एक ओळही नसते.

धावलेल्या अंतराच्या आकड्यावर विसंबू नये. या पिढीतल्या बऱ्याच गाड्यांचे मीटर पाच आकडीच असते, त्यामुळे ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येते. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलवरचे रबर, चालकाच्या आसनाची बाहेरची कड आणि दाराचे बिजागर यांची झीज आकड्याशी जुळते का, ते पाहणे अधिक खात्रीचे. टायरच्या बगलेवर २००० सालापासून चार आकडी खूण असते: २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. खाचा खोल असल्या तरी दहा वर्षांचे रबर बदलावेच लागते आणि ते पैसे बोलीतून वजा होतात.

कागदपत्रांच्या बाबतीत एक साधी कसोटी सांगतो. सतरा अक्षरांचा प्रमाणित ओळखक्रमांक १९८१ च्या मॉडेलपासून रूढ झाला. त्याआधीच्या गाड्यांचे क्रमांक लहान आणि कंपनीगणिक वेगळे असत. १९७२ ची म्हणून दाखवलेल्या गाडीच्या कागदावर सतरा अक्षरे दिसली तर ती पुढे कधी तरी सरकारी खात्याने नव्याने दिलेली असू शकतात, किंवा कागद दुसऱ्याच गाडीचा असू शकतो. दोन्हींपैकी काय, हे विचारण्यात संकोच नसावा. चासी, बॉडीवरची पट्टी आणि मालकीचा कागद या तिन्हींवरचा क्रमांक एकच असला पाहिजे. शक्य असेल तिथे त्या गावातल्या स्वतंत्र तंत्रज्ञाकडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्यावी. विक्रेत्याने त्याला नकार दिला, तर तपासणीचा निकाल हातात आला असे समजावे.

बोलीची मर्यादा: दोन आकडे, त्यातला लहान

इथे बहुतेक जण एक चूक करतात: तक्त्यातला दर आणि खिशातले पैसे यांची गल्लत. दोन्ही वेगवेगळे काढायचे असतात. चलन कोणतेही असो, हिशेब १०० धरून करू.

पहिला आकडा बाजाराचा. तुमच्या तक्त्यात तुम्हाला हव्या त्या प्रतीच्या गाडीचा मधला दर १०० आहे. समोरची गाडी त्या प्रतीला आणायला टायर, ब्रेक, रबरी नळ्या, इंधनाची टाकी आणि थोडे वेल्डिंग मिळून १८ लागतील, असा अंदाज आहे. तर तिची बाजाराने धरलेली किंमत ८२. वेल्डिंगचा अंदाज नेहमी कमी निघतो, कारण गंजलेला पत्रा कापू लागल्यावर त्याच्या पलीकडेही गंजच सापडतो. म्हणून मी आणखी ५ वजा करतो आणि ७७ वर येतो.

दुसरा आकडा खिशाचा. समजा या सगळ्या प्रकरणासाठी तुमच्याकडे एकूण १०० आहेत. त्यातून वाहतूक ८, तपासणी १ आणि दुरुस्तीचे १८ काढले की ७३ उरतात. लिलावस्थळ खरेदीदाराकडून बोलीच्या ५ टक्के शुल्क घेत असेल, तर ७३ ला १.०५ ने भागायचे. उत्तर ६९ आणि थोडे. परदेशातून आणायची असेल तर आयातशुल्क आणि नोंदणी त्याआधीच वजा होते, आणि मग हा आकडा आणखी बराच खाली जातो. शुल्काचे नियम स्थळागणिक वेगळे असतात, काही ठिकाणी त्याला वरची मर्यादा असते. तेवढे मात्र प्रत्यक्ष वाचून घ्यावे.

७७ आणि ६९ यांतला लहान आकडा ६९, तीच मर्यादा. तो कागदावर लिहून पडद्याशेजारी ठेवावा आणि लिलावाच्या दिवशी त्याच्याशी वाद घालू नये. खिशाचा आकडा मोठा आणि बाजाराचा लहान निघाला तरी नियम तोच. पैसे आहेत म्हणून जास्त द्यावेत असे नाही. दर चढतच आहेत, तेव्हा आज जास्त दिले तरी उद्या वसूल होतील, हा युक्तिवाद मला पटत नाही. जागा, विमा, बॅटऱ्या, सीले आणि दर वर्षी निघणारी किरकोळ कामे धरली, तर मध्यम प्रतीची गाडी सांभाळण्यातच चढीचा बराच भाग खर्च होतो. गाडी चालवायला घ्यावी. तिचा दर टिकला तर तो नफा नव्हे, सवलत मानावी.

शेवटची दोन मिनिटे

बहुतेक ऑनलाइन लिलावांत शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा मागे नेले जाते, पुष्कळदा दोन मिनिटांवर. त्यामुळे अखेरच्या क्षणी बोली टाकून बाजी मारण्याची जुनी क्लृप्ती इथे निरुपयोगी आहे. पहिल्या दिवशी मोठी बोली लावून इतरांना घाबरवता येते, असाही एक समज आहे; प्रत्यक्षात त्याने फक्त तळ वर जातो. आठवडाभराच्या लिलावात मी पहिले सहा दिवस प्रश्न विचारण्यात आणि दुसऱ्यांच्या प्रश्नांना विक्रेता कसा उत्तर देतो, हे वाचण्यात घालवतो. गंजाविषयी विचारलेल्या प्रश्नाला "गाडी वयाच्या मानाने उत्तम आहे" असे उत्तर आले, तर ते उत्तर नव्हे. विचारलेल्या जागेचे छायाचित्र तासाभरात आले, तर त्या विक्रेत्याच्या गाडीवर मी थोडा जास्त भरवसा ठेवतो. बोली ही बांधील असते आणि शुल्काची रक्कम बहुधा आधीच कार्डावर अडवली जाते, म्हणून लिलाव संपण्याची वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे किती वाजता येते, ते पाहून ठेवावे. पहाटे तीन वाजता झोपेत घेतलेला निर्णय सकाळी परत करता येत नाही.

राखीव किंमत नसलेल्या गाडीवर गर्दी जास्त होते आणि ती कधी कधी राखीव किमतीच्या गाडीपेक्षा महाग जाते, हे तक्त्यातच तुम्हाला दिसले असेल. उलट राखीव किंमत गाठली न जाता लिलाव संपला आणि सर्वांत वरची बोली तुमची असेल, तर पुष्कळ स्थळे दोघांची गाठ घालून देतात. अशा वेळी आपला तक्ता आणि वेल्डिंगचा अंदाज सभ्य शब्दांत पुढे ठेवावा. दोनदा लिलावातून परत आलेला विक्रेता तो वाचतो.

गाडी तुमच्या नावावर लागली तर वाहतूकदाराच्या ताब्यात जाण्यापूर्वीच विमा सुरू करावा, आणि तो कंपनीशी आधीच ठरवून घेतलेल्या मूल्याचा असावा. साध्या विम्यात जुन्या गाडीची किंमत वयानुसार घसरलेली धरली जाते. ट्रक दारात आल्यावर पोचपावतीवर सही करण्याआधी लिलावाची छायाचित्रे समोर ठेवून चारही बाजू, काचा, स्टेपनी आणि सोबत येणार म्हणून लिहिलेले सुटे भाग पडताळून घ्यावेत आणि जे जुळत नाही ते पावतीवरच लिहावे. मूळ कार्ब्युरेटर, जुने स्टिअरिंग चाक किंवा कारखान्याचा टप खोक्यात भरून आला असेल, तर तो अडगळ म्हणून फेकू नये. पुढे कधी ही गाडी लिलावात उभी राहिली, तर त्या खोक्याचे छायाचित्र पाहूनच काही जण बोली लावतील.